किनाबालूवरील पतंग : १९६५ आणि २००७

पर्वत चढताना वनस्पतींचे थर बदलत जातात, ही गोष्ट हंबोल्टच्या १८०२ मधील चिंबोराझोवरील चढाईनंतर शास्त्रज्ञांच्या विशेष परिचयाची झाली. कीटकांची उंचीवार मोजदाद त्याहून अवघड. वृक्ष जागचा हलत नाही. पतंग उडून जातो, आणि तोही रात्री.

बोर्निओच्या उत्तरेस सबाहमध्ये ४,०९५ मीटर उंचीचा किनाबालू पर्वत आहे. पायथ्याची उत्तुंग वने, वर ओकची अरण्ये, मग शेवाळाने वेढलेले मेघवन, पुढे खुरटी झुडपे आणि अखेर उघडा ग्रॅनाइट, असा त्याचा क्रम होय. १९६५ साली केंब्रिजच्या एका मोहिमेने तेथे निरनिराळ्या उंचींवर दिवे लावून पतंग गोळा केले. तीत जेरेमी हॉलोवे होते. बोर्निओच्या पतंगांवरील त्यांची बहुखंडी ग्रंथमाला पुढे प्रसिद्ध झाली. हवामानातील फरक हा त्या मोहिमेचा विषय नव्हता. तथापि प्रत्येक स्थळाची उंची काळजीपूर्वक नोंदविली गेली, आणि त्या नोंदीचे खरे मोल चार दशकांनी कळून आले.

२००७ साली आय-चिंग चेन व त्यांचे सहकारी त्याच स्थळांवर गेले. जुनी छायाचित्रे व मूळ मोहिमेतील एका सदस्याचे साहाय्य यांमुळे जागा निश्चित करता आल्या. पाठीची कमान करून चालणाऱ्या अळ्यांच्या कुळातील १०२ जाती तपासता त्यांचे वसतिस्थान ४२ वर्षांत सरासरी ६७ मीटर वर सरकल्याचे आढळले. हा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. सरासरी ती सरासरीच. सर्व जाती सारख्या सरकल्या असे नव्हे.

दर शंभर मीटरला तपमान सुमारे ०.६ अंश सेल्सिअसने उतरते, म्हणजे ६७ मीटरांचा फरक जेमतेम ०.४ अंशाचा. परंतु उष्ण कटिबंधात वर्षभर तपमान फारसे बदलत नसल्याने तेथील प्राण्यांची सहनमर्यादा अरुंद असावी, असे डॅनियल जॅन्झेन यांनी १९६७ सालीच प्रतिपादिले होते. शिवाय अळीला खाद्यवनस्पती हवी, आणि वृक्ष पतंगाच्या वेगाने चढत नाही. खालच्या थरातील जातींना वर सरकण्यास निदान अरण्य तरी आहे. माथ्यालगतच्या जातींपैकी काही अन्यत्र कोठेही आढळत नाहीत, आणि त्यांच्या वर अळीला खाण्याजोगे जवळजवळ काहीच नाही. आहे तो केवळ खडक.