मोजणाऱ्या छायाचित्रांची कुळकथा

उत्तर जर्मनीतल्या बर्गन-बेल्सेन छळछावणीच्या जागी आज मोकळे माळरान आहे. 15 एप्रिल 1945 रोजी ब्रिटिश सैन्याने छावणी मुक्त केली. टायफसची साथ आवरेना म्हणून बराकी जाळाव्या लागल्या. शेवटची 21 मे रोजी पेटवली. अ‍ॅन फ्रँकने जिथे प्राण सोडला ती छावणी आता त्याच माळावर उभे राहून टॅब्लेटच्या पडद्यावर पाहता येते. छायाचित्रांवरून मापे काढण्याची यामागची विद्या मात्र संगणकाच्या कितीतरी आधीची.

1858 साली आल्ब्रेख्त मायडनबाउअर हा तरुण वास्तुविशारद वेत्सलारच्या चर्चची मापे घेताना उंचावरून पडता पडता वाचला. भिंतीवर चढायचेच कशाला, मापे छायाचित्रावरून काढता येतील, असे त्याच्या मनाने घेतले. एकच कोपरा दोन जागांवरून टिपायचा. त्या दोन जागांमधले अंतर आणि कॅमेऱ्याची दिशा ठाऊक असली, की दोन दृष्टिरेषा छेदतात तिथे तो कोपरा नेमका सापडतो. फ्रान्समध्ये एमे लोसदा हा लष्करी अभियंता त्याच सुमारास छायाचित्रांवरून नकाशे काढत होता. जतन आणि युद्ध या विद्येत अशी पहिल्यापासूनच शेजारी नांदली.

इमारत पडली तरी तिची मापे उरावीत, हा मायडनबाउअरचा ध्यास. त्यासाठी 1885 मध्ये बर्लिनला सरकारी संस्था उभी राहिली आणि हजारो काचेच्या निगेटिव्हांवर वास्तू नोंदल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धाने शहरे उद्ध्वस्त केल्यावर त्याच काचा डागडुजीला कामी आल्या. त्याची दूरदृष्टी मला थक्क करते.

त्याच युद्धात ब्रिटिश विमाने शत्रूच्या मुलखाची एकमेकांवर चढणारी छायाचित्रे घेत होती. इंग्लंडमधल्या मेडमेनहॅमच्या हवाई दल केंद्रातले तज्ज्ञ त्यांची जोडी स्टिरिओस्कोपखाली ठेवून उंची-खोली वाचत. हेरगिरीचा तो साठा पुढे अभिलेखागारांत गेला. बेल्सेनची पुनर्रचना अशा हवाई छायाचित्रांवर, आराखड्यांवर आणि संग्रहातल्या कागदपत्रांवर उभी आहे. बराकी मुद्दामच साध्या, तपशील नसलेल्या ठोकळ्यांसारख्या दाखवल्या आहेत. तो संयम मला फार मोलाचा वाटतो, कारण इथे कल्पनेने रंगवलेली एक खिडकीसुद्धा मृतांवर अन्याय करील. पुनर्रचनेत पुरावा कुठला आणि तर्क कुठला हे नोंदवलेच पाहिजे, असा आग्रह वारशाच्या संगणकीय पुनर्रचनांसाठीच्या 2009च्या लंडन सनदेने धरला आहे. प्रत्येक संग्रहालयाने तो पाळावा.