हैदराबादचे रहीम मास्तर

मराठवाड्याचा अर्वाचीन इतिहास लिहावयास बसले की लेखणी सहजच 1948 च्या सप्टेंबरकडे वळते, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु ज्या राज्याच्या जाचातून आपण सुटलो, त्याच राज्यात आपल्या शेजारी नांदलेल्या साध्या माणसांनी काय मिळविले याची नोंद ठेवण्याचे भान त्या भरात सुटले, असे आम्हांस वाटते. फुटबॉलचे गुरू सय्यद अब्दुल रहीम हे अशा माणसांपैकी एक होत. त्यांची आठवण हैदराबादेत आहे, कलकत्त्यात आहे. सेलू-परभणीकडे मात्र ती कोणी काढीत नाही.

वास्तविक अंतर फारसे नव्हते. सेलू हे गाव त्या काळी हैदराबाद संस्थानच्या परभणी जिल्ह्यात मोडे. 1900 च्या सुमारास गोदावरी खोऱ्याची रेल्वे मनमाडपासून थेट हैदराबादपर्यंत धावू लागली. आणि सरकारदरबारचे खेटे असोत, कापसाचा व्यवहार असो वा मुलाचे कॉलेज असो, सेलूस गाडीत बसलेला मनुष्य परभणी, नांदेड, निजामाबाद मागे टाकीत काचीगुड्यास पोहोचे. त्याच काचीगुड्याच्या मिडल स्कुलात रहीम हे शिक्षक होते. त्यांचा जन्म 1909 चा, शिक्षण उस्मानिया विद्यापीठातले. हे विद्यापीठ 1918 साली निघाले आणि मराठवाड्यास स्वतःचे विद्यापीठ 1958 पर्यंत नव्हते. तेव्हा आमच्या भागातील कित्येक पदवीधर त्याच इमारतींतून बाहेर पडले. 1938 साली ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांस बाहेर काढण्यात आले ते याच उस्मानियाचे. रहीमांनी तेथे फुटबॉल खेळून घेतला, पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली, आणि चादरघाट हायस्कुलासारख्या शाळांतून मुले शिकविली. म्हणजे मनुष्य मूळचा शाळामास्तर. आणि आमच्या मते त्यांच्या पुढील सगळ्या यशाचे इंगित याच एका गोष्टीत आहे.

1950 साली ते हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाचे शिक्षक झाले. त्या वर्षापासून 1954 पर्यंत लागोपाठ पाच वेळा या संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. कूपरेजच्या मैदानावर मुंबईकरांनी तो डोळ्यांनी पाहिला. 1950 सालीच ड्युरँड चषकही हैदराबादेस आला. मग मराठवाड्यास याचा आनंद का झाला नाही? फुटबॉलची आवड कमी, हे एक कारण झाले. पण आम्हांस दुसरे कारण अधिक खरे वाटते. ‘हैदराबादचे पोलीस’ हे शब्द ऐकून दोनच वर्षांपूर्वी ज्या गावांच्या उरात धडकी भरत असे, त्यांनी त्याच नावाच्या संघासाठी टाळ्या पिटाव्यात ही अपेक्षा मनुष्यस्वभावाच्या पलीकडची होती. आणि पोलीस कारवाईनंतरच्या दिवसांत आमच्या भागातील अनेक निरपराध मुसलमान कुटुंबांवर जे गुदरले त्याची आठवणही ताजी होती. तीविषयी बोलावयास कोणी धजत नव्हते. अशा वातावरणात एका मुसलमान मास्तराच्या कर्तबगारीस ‘आपली’ म्हणणे अवघड गेले असल्यास नवल नाही. तथापि, सत्तर वर्षांनंतरही ते अवघड जावे हे मात्र समर्थनीय नव्हे.

रहीमांची शिकवण्याची रीत पाहण्यासारखी आहे. आपल्याकडचा खेळाडू चेंडू एकट्याने नाचवीत नेण्यात धन्यता मानी. रहीमांनी उपदेश केला नाही. चेंडू नाचविण्यास मनाई असलेले सामनेच भरविले. उजव्या पायाने खेळणाऱ्यांस डाव्या पायानेच खेळावयास लावणाऱ्या स्पर्धा घेतल्या. पाढे पाठ करून घेणाऱ्या मास्तराची ही युक्ती होय: जे जमत नाही तेच पुन्हा पुन्हा करावयास लावावयाचे. सिकंदराबादकडच्या गरीब घरातील तुळशीदास बलराम हा मुलगा त्यांच्या नजरेत भरला. सरावास येण्याजोगे पैसे नाहीत असे तो म्हणताच त्यांनी भाड्याच्या सायकलीचे पैसे स्वतः दिले. ही हकीकत बलराम यांनीच पुढे सांगितली.

1951 च्या मार्चात दिल्लीस पहिले आशियाई सामने झाले. रहीमांच्या संघाने अंतिम सामन्यात इराणचा 1-0 असा पराभव करून सुवर्णपदक मिळविले. पुढल्याच वर्षी हेलसिंकीस मात्र युगोस्लाव्हियाने आपला 10-1 असा धुव्वा उडविला. आपले बहुतेक गडी अनवाणी होते. असल्या पराभवाने दुसरा शिक्षक कायमचा खचला असता. रहीमांनी धडा घेतला. चार वर्षांनी मेलबर्नला भारताने यजमान ऑस्ट्रेलियाचा 4-2 असा पाडाव केला, तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने केले, आणि ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा आशियातील तो पहिला फुटबॉल संघ ठरला. पुढे युगोस्लाव्हिया व बल्गेरिया यांच्याशी हरून चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. संघात अझीझुद्दीन, नूर महंमद, झुल्फिकारुद्दीन, बलराम असे हैदराबादी गडी होते. ऑस्ट्रेलियाचा सामना झाला 1 डिसेंबर 1956 रोजी. म्हणजे हैदराबाद राज्य मोडून बरोबर एक महिना लोटला होता, आणि सेलू मुंबई राज्यात आले होते. राज्य नकाशावरून पुसले गेले, आणि त्याच्या मातीत वाढलेला हा संघ जगात चौथा आला.

शेवटची लढाई जाकार्तास झाली, 1962 साली. रहीमांस फुप्फुसाच्या कर्करोगाने ग्रासले होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारतास 2-0 असे हरविले. पुढे जर्नेलसिंगच्या डोक्यास जखम होऊन टाके पडले. बचावात खेळणाऱ्या या गड्यास रहीमांनी आघाडीवर मध्यभागी घातले! इस्राएल व तैवान यांस वगळण्याच्या वादामुळे प्रेक्षक भारतावर चिडलेले; अशा भरगच्च मैदानात 4 सप्टेंबरला पुन्हा कोरियाशीच गाठ पडली. प्रदीपकुमार बॅनर्जी व तोच जर्नेलसिंग यांच्या गोलांनी भारत 2-1 असा विजयी झाला. 11 जून 1963 रोजी रहीम निवर्तले.

आता मानसन्मानाविषयी. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलच्या शिक्षकांसाठीही कीर्तिमंदिर आहे. तो खेळ निराळा, पण मंदिरातील पहिली मंडळी 1951 साली, म्हणजे आपल्या दिल्लीच्या सुवर्णपदकाच्याच वर्षी, निवडली गेली. त्यांत नोत्र दामचे नूट रॉकने होते. हेही गृहस्थ त्याच विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवीत, आणि 1931 सालीच विमान अपघातात वारले होते. मरणानंतर वीस वर्षांनी त्यांची आठवण ठेवली गेली. आपल्याकडे द्रोणाचार्य पुरस्कार 1985 साली निघाला; पहिल्या मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते, 1990 साली क्रिकेटचे रमाकांत आचरेकर आणि फुटबॉलचे, हैदराबादचेच, सय्यद नईमुद्दीन आले. तिघेही योग्यच. (द्रोणाचार्यांनी एकलव्याचा अंगठा मागून घेतला, रहीमांनी सायकलीचे भाडे दिले, पुरस्काराचे नाव ठेवणाऱ्यांच्या ध्यानात हा भेद आला नसावा.) रहीमांच्या वाट्यास ना पद्म आले, ना द्रोणाचार्य. पुढे आय-लीग स्पर्धेतील उत्तम शिक्षकाच्या पारितोषिकास त्यांचे नाव देण्यात आले. त्यांचे पुत्र सय्यद शाहिद हकीम यांस 2017 साली ध्यानचंद पुरस्कार मिळाला. 2024 साली ‘मैदान’ नावाचा चित्रपट निघाला आणि नव्या पिढीस हे नाव कळले. आशियाई सामन्यांत फुटबॉलचे सुवर्णपदक मात्र जाकार्तानंतर भारतास पुन्हा मिळालेले नाही.