पंधरा वर्षांचा सटोडिया आणि मोठ्यांचा बाजार

आमच्या शाळेत नववीतल्या एका मुलाचा मोबाईल पकडला गेला. थोरल्या भावाच्या डिमॅट खात्यावर तो ऑप्शनचे सौदे करत होता. वर्गातल्या पाचसहा मुलांकडून त्याने दोनशे-पाचशे रुपये गोळा केले होते आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज 'टिप' देत होता. पैसे बुडाले, एका पालकाची तक्रार आली आणि बैठक बसली. 'वाया गेलेला मुलगा' यावर पाच मिनिटांत सगळ्यांचे एकमत झाले. आठ दिवस घरी बसवायचे पत्र निघाले. वर्गशिक्षक म्हणून त्यावर सही माझी.

सही करताना मुलगा समोर उभा होता. हळूच म्हणाला, "सर, वह्या ठेवायला स्टाफरूममध्ये यायचो ना, तिथंच बघून शिकलो."

मी काही बोललो नाही. एक्स्पायरीच्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये साडेतीन वाजेपर्यंत कोणाचे डोके मोबाईलमधून वर येत नाही, हे मलाही ठाऊक होते.

त्या रात्री मला पंचवीस वर्षांपूर्वीचा एक अमेरिकन मुलगा आठवला. बी.एड. झाल्यानंतर कधीतरी त्याच्याविषयी वाचले होते. आता त्याची गोष्ट पुन्हा नीट वाचून काढली.

जोनाथन लेबेड हे त्याचे नाव. न्यू जर्सी राज्यातल्या सीडर ग्रोव्ह या छोट्या गावातला, मध्यमवर्गीय घरातला मुलगा. 20 सप्टेंबर 2000 रोजी अमेरिकेच्या शेअरबाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेने, म्हणजे सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने (एसईसी), त्याच्याविरुद्धचे प्रकरण तडजोडीने मिटवल्याचे जाहीर केले. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. शेअरचे भाव फसवून चढवल्याबद्दल त्या यंत्रणेने अल्पवयीन मुलावर केलेली ही पहिलीच कारवाई.

त्याची पद्धत साधी होती. ज्या शेअरमध्ये फारशी उलाढाल नाही, असा एखाद्या छोट्या कंपनीचा शेअर तो मोठ्या संख्येने घ्यायचा. मग काही तासांतच याहूच्या आर्थिक चर्चेच्या पानांवर वेगवेगळ्या खोट्या नावांनी त्याच कंपनीची तारीफ करणारे शेकडो संदेश टाकायचा. दोन डॉलरचा शेअर लवकरच वीसच्या वर जाणार, असली भाकिते त्यात असत. लोक धावत, भाव चढे आणि चोवीस तासांच्या आत हा विकून मोकळा. आपण वर्गात असताना भाव चढला तर संधी जाऊ नये म्हणून काही वेळा तो विक्रीची ऑर्डर आधीच लावून ठेवायचा. ऑगस्ट 1999 ते फेब्रुवारी 2000 या काळात त्याने हे अकरा वेळा केले, असे एसईसीने म्हटले. त्यातला नफा 2,72,826 डॉलर. व्याजासह 2,85,000 डॉलर त्याने परत केले, पण आरोप कबूलही केले नाहीत आणि नाकारलेही नाहीत.

तिथून वाद पेटला. एका बाजूला 'हा लबाड पोरगा' म्हणणारे, दुसऱ्या बाजूला 'व्वा, काय डोके आहे' म्हणणारे. फेब्रुवारी 2001 मध्ये मायकेल लुईस या लेखकाने न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात त्याच्यावर मोठा लेख लिहिला. त्यातून कळले की पोराची एकूण कमाई आठ लाख डॉलरच्या आसपास होती आणि परतफेडीनंतरही मोठी रक्कम त्याच्याकडेच राहिली होती. लुईस यांनी नियामकांना विचारलेला प्रश्न अडचणीचा होता. वॉल स्ट्रीटवरचे नामांकित विश्लेषक टीव्हीवर बसून शेअरची तारीफ करतात आणि भाव चढतो. मग या मुलाने वेगळे काय केले?

हा प्रश्न हवेतला नव्हता. डिसेंबर 1998 मध्ये हेन्री ब्लॉजेट नावाच्या तरुण विश्लेषकाने ॲमेझॉनचा शेअर 400 डॉलरवर जाईल असे भाकीत केले. काही आठवड्यांत तो गेलाही आणि ब्लॉजेट रातोरात नामवंत झाले. पुढे मेरिल लिंच या बड्या पेढीत त्यांना नोकरी मिळाली. 10 मार्च 2000 रोजी नॅसडॅक निर्देशांक 5,048 वर बंद झाला. ते त्या तेजीचे टोक होते. ऑक्टोबर 2002 पर्यंत निर्देशांकाची तीन चतुर्थांशाहून जास्त किंमत वाहून गेली. त्याच सुमारास न्यूयॉर्क राज्याचे ॲटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांनी मेरिल लिंचचे अंतर्गत ईमेल बाहेर काढले. लोकांना 'घ्या' म्हणून सांगितलेल्या शेअरला हेच विश्लेषक आपसात कचरा म्हणत होते. पेढीने दहा कोटी डॉलर भरले. एप्रिल 2003 मध्ये दहा बड्या पेढ्यांशी मिळून सुमारे 140 कोटी डॉलरची तडजोड झाली. ब्लॉजेट यांनी 40 लाख डॉलर भरले आणि त्यांच्यावर या व्यवसायात कायमची बंदी आली. त्यांनीही आरोप कबूल केले नाहीत आणि नाकारलेही नाहीत.

तारखा नीट पाहा. मुलापर्यंत हात 2000 साली पोहोचला, पेढ्यांपर्यंत पोहोचायला 2003 उजाडले. आणि बड्यांची पहिली मोठी चौकशी एसईसीने नव्हे, एका राज्याच्या कायदा अधिकाऱ्याने उघडली.

या यंत्रणेचा जन्मही बोलका आहे. 1920च्या दशकात वॉल स्ट्रीटवर श्रीमंतांचे 'पूल' चालत. चारपाच जण मिळून एखादा शेअर आपसात फिरवायचे, भाव चढवायचे, वर्तमानपत्रांत चांगल्या बातम्या पेरायचे आणि सामान्य माणूस आत शिरला की बाहेर पडायचे. 1929ची मंदी आली, बाजार कोसळला आणि 1934च्या कायद्याने ही हेराफेरी गुन्हा ठरली. त्या कायद्याने जन्मलेल्या एसईसीचे पहिले अध्यक्ष म्हणून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी जोसेफ केनेडी यांना नेमले. हे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींचे वडील, आणि स्वतः असल्या पूलमध्ये खेळून पैसा केलेले गृहस्थ. त्यांनी काम चांगले केले, असेच इतिहासकार म्हणतात. पण बघा, मोठ्या सटोडियाला समाजाने खुर्ची दिली. छोट्याला नोटीस दिली.

याचा अर्थ मुलगा निर्दोष होता का? मला तसे वाटत नाही. खोट्या नावांनी शेकडो संदेश टाकणे म्हणजे एका माणसाने गर्दीचे सोंग घेणे. त्याच्याकडून चढ्या भावात शेअर घेणारेही कोणीतरी होतेच. कोणी निवृत्त कारकून असेल, कोणी दुकानदार. या सगळ्या वादात लबाड म्हणणाऱ्यांना आणि हुशार म्हणणाऱ्यांना त्या माणसांची आठवण फारशी झाली नाही. 'सगळेच करतात' हे स्पष्टीकरण आहे, माफी नव्हे.

इथे मला आपल्या परंपरेतल्या तीन गोष्टी आठवतात. मदिनेत महागाई वाढली तेव्हा लोकांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना भाव ठरवून द्यायची विनंती केली. त्यांनी नकार दिला. बाजाराला आपल्या चालीने चालू दिले. पण 'नजश' मात्र मना केले. घ्यायचे मनात नसताना नुसता भाव चढवण्यासाठी बोली लावणे म्हणजे नजश. जोनाथनने जे केले ते याच जातीचे.

तिसरी गोष्ट धान्याच्या राशीची. बाजारात त्यांनी एका राशीत हात घातला तर आतले धान्य ओले लागले. त्यांनी विक्रेत्याला आधी विचारले, हे काय आहे? तो म्हणाला, पाऊस लागला. मग सांगितले की ओले धान्य वर ठेवायचे होते, म्हणजे लोकांना दिसले असते. आणि त्यानंतर कडक शब्दांत बजावले की फसवणारा आपल्यातला नव्हे. म्हणजे भाव मोकळा, पण माहिती उघडी. आजचा शेअरबाजाराचा कायदा याच पायावर उभा आहे. शिक्षक म्हणून मला मात्र त्या प्रसंगातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी प्रश्न, मग दुरुस्ती, मग ताकीद. आमच्या बैठकीत आम्ही थेट ताकिदीपासून सुरुवात केली होती.

आपल्याकडेही चित्र वेगळे नाही. सेबीला वैधानिक अधिकार मिळाले ते 1992 साली, आणि त्याच वर्षी हर्षद मेहता प्रकरण फुटले. सप्टेंबर 2024 मध्ये सेबीने एक अभ्यास प्रसिद्ध केला. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून जास्त. त्यानंतर सौद्याचा किमान आकार वाढवला गेला, साप्ताहिक एक्स्पायरींवर मर्यादा आली. चांगलेच झाले. पण हे 93 टक्के लोक काही नववीतली मुले नव्हती. ती त्यांचे बाप होते, भाऊ होते, मामा होते. आणि हो, त्यांचे शिक्षकही.

आपण किशोरवयीन मुलासाठी दोनच खुर्च्या ठेवल्या आहेत. पैसे मिळाले तर 'हुशार', बुडाले तर 'बिघडलेला'. दोन्हींत त्याला कोणी काही शिकवत नाही. नियम मोडणारे पोर बहुतेकदा मोठ्यांचा लिहिलेला नियम मोडत असते आणि मोठ्यांचा न लिहिलेला नियम पाळत असते. त्याला शिक्षा जरूर करावी. पण ज्या आरशात तो दिसला, त्यात आपण दिसतो का, हेही पाहावे.

तो मुलगा आता दहावीत आहे. आठ दिवसांनी परत आला तेव्हापासून माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलायचा. गेल्या महिन्यात मी त्याला मधल्या सुट्टीत बसवले आणि वर्षभर उशिराने विचारले, "नेमके काय केले होतेस? मला समजावून सांग."

त्याने वहीचे मागचे पान काढले. कोणाचे किती घेतले, कधी लावले, किती गेले, सगळे लिहून ठेवले होते. तिघांचे पैसे त्याने सुट्टीत मामाच्या दुकानात काम करून फेडले होते. त्या नावांपुढे बरोबरची खूण होती. उरलेल्या दोन नावांकडे बोट दाखवून म्हणाला, "यांचे राहिलेत, सर."

हे पान त्या बैठकीतही त्याच्या दप्तरात असणार. आमच्यापैकी कोणी ते मागितलेच नव्हते.