त्याज्य अवयवांचा कायदा : ब्रिटनचा अनुभव, 1986 ते 2000

वाचकहो, कत्तलखान्यातल्या टाकाऊ भागांची विल्हेवाट हा विषय साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेत कसा, असा प्रश्न तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पण ही एका नियमाची आणि त्या नियमाभोवती बोलल्या गेलेल्या शब्दांची हकिगत आहे, आणि त्या शब्दांची किंमत माणसांनी जिवाने मोजलेली आहे. शिवाय यातला एक धागा आपल्यापैकी काही घरांपर्यंत येऊन पोहोचतो. तो शेवटी पाहू.

1986 च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमधल्या वेब्रिज येथील सरकारी पशुवैद्यक प्रयोगशाळेत गाईंच्या मेंदूचा एक नवा रोग ओळखला गेला. गाय बुजू लागे, तोल जाऊन पडे आणि मरे. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या मेंदूला स्पंजासारखी भोके दिसत. वर्तमानपत्रांनी याला ‘मॅड काउ’ हे नाव दिले. रोगाचा माग काढणाऱ्या जॉन वाइल्स्मिथ यांचे बोट लवकरच गुरांच्या खाद्याकडे गेले. कत्तलखान्यातले उरलेसुरले भाग चरबीच्या कारखान्यात शिजवायचे, चरबी काढून घ्यायची, उरलेल्या चोथ्याची भुकटी करायची आणि प्रथिनांसाठी ती पुन्हा गुरांच्याच खाद्यात मिसळायची, अशी तिकडची जुनी पद्धत होती. गवत खाणाऱ्या जनावराला नकळत स्वजातीचे अवशेष खायला मिळत होते. जुलै 1988 मध्ये रवंथ करणाऱ्या प्राण्यांना अशी भुकटी घालण्यास बंदी झाली. मात्र आदेश निघाल्यापासून तो लागू होईपर्यंत सुमारे पाच आठवड्यांची सवलत होती. तयार माल त्या काळात खपवला गेला, आणि काही ठिकाणी त्यानंतरही.

माणसाचे काय? सरकारने सर रिचर्ड साउथवुड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. फेब्रुवारी 1989 मध्ये आलेल्या तिच्या अहवालात म्हटले होते की, माणसाला धोका असण्याचा संभव ‘रिमोट’, म्हणजे दूरचा आहे. त्याच अहवालात आणखी एक वाक्य होते : आमचा हा अंदाज चुकला तर परिणाम अत्यंत गंभीर होतील. पहिले वाक्य मंत्र्यांच्या तोंडी वर्षानुवर्षे राहिले. दुसरे अहवालातच राहिले.

समितीची शिफारस लहान मुलांच्या डबाबंद अन्नापुरतीच होती. त्या अन्नात गुरांचे असे भाग वापरू नयेत, एवढेच तिने सुचवले होते. तेव्हाचे कृषिमंत्री जॉन मॅकग्रेगर यांनी मात्र पुढचे पाऊल टाकले आणि हे भाग कोणाच्याच अन्नात नकोत असे ठरवले. 13 नोव्हेंबर 1989 पासून इंग्लंड-वेल्समध्ये सहा महिन्यांवरील गुरांचे मेंदू, मज्जारज्जू, प्लीहा, थायमस, टॉन्सिल आणि आतडी ही मानवी अन्नातून बाद झाली. रोगी जनावरे आधीच नष्ट केली जात होती. हा नियम होता धडधाकट दिसणाऱ्या जनावरांसाठी, कारण हा रोग वर्षानुवर्षे आत मुरत असतो आणि बाहेर दिसत नाही. माझ्या मते त्या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत शहाणा निर्णय होता.

आता प्रश्न उरला की, बाद केलेले हे भाग जायचे कुठे? पुढचे जवळजवळ वर्षभर ते पूर्वीसारखेच चरबीच्या कारखान्यात जात होते आणि त्यांची भुकटी डुकरा-कोंबड्यांच्या खाद्यात कायदेशीरपणे पडत होती. प्रयोगात एका डुकराच्या मेंदूत रोग उतरवता आला, तेव्हा सप्टेंबर 1990 मध्ये सर्वच प्राण्यांच्या खाद्यातून हे भाग बाद झाले. पण कायद्याचे गृहीतक असे होते की खाद्याची गिरणी गुरांचा आणि डुकरांचा माल वेगळा ठेवील. ज्याने आपल्या गावच्या पिठाच्या गिरणीत ज्वारीमागून गहू दळून आणला आहे, त्याला असल्या गृहीतकाची किंमत सांगायला नको. यंत्र तेच, कणग्या त्याच, वाहतुकीची गाडीही तीच. पुढे प्रयोगांत दिसले की रोगी मेंदूचा एक ग्रॅमही वासराला पुरे होतो. बंदीनंतर जन्मलेल्या 40,000 हून अधिक गाईंना हा रोग झाला आणि त्यांचे प्रमाण इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागांत, जिथे डुकरे-कोंबड्या फार पाळतात तिथे, अधिक होते.

दुसरी गळती कत्तलखान्यातली. मज्जारज्जू पाठीच्या कण्याच्या नळीतून जातो. धड उभे चिरले की तो उघडा पडतो आणि मग तो हाताने ओढून, खरवडून काढावा लागतो. करवत जरा तिरकी गेली तर तुकडा आतच राहतो. मागे धडांची रांग लागलेली, मजुरी जनावरामागे मोजलेली. अशा वेळी बोटभर तुकड्यासाठी कोण थांबतो? आणि पूर्वी विकला जाणारा हा माल आता पैसे देऊन न्यायला सांगावा लागे. ज्या कचऱ्याला विकून पैसे येतात तो नीट गोळा होतो; ज्याला पैसे द्यावे लागतात त्याचे वजन घटत जाते. शिवाय मांस काढून उरलेला कणा यंत्रात दाबून त्यातून लगदा काढण्याची पद्धत होती आणि तो लगदा स्वस्त बर्गर-सॉसेजांत जाई. कण्यात राहिलेला तुकडा अशा रीतीने थेट ताटात पोहोचे.

निरीक्षक होते. पण त्यांना वरून काय ऐकू येत होते ते पाहा. गोमांस सुरक्षित आहे. हा नियम म्हणजे केवळ जास्तीची खबरदारी. मे 1990 मध्ये मॅकग्रेगर यांच्या जागी आलेले कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या चार वर्षांच्या मुलीच्या तोंडाशी बर्गर धरला. देशाचा मंत्रीच धोका नाही म्हणत असेल, तर पहाटे चारला करवत चालवणाऱ्या खाटकाने त्या तुकड्याची काळजी का करावी? निरीक्षकाने त्यासाठी काम का थांबवावे? जनता घाबरू नये म्हणून वापरलेली भाषा त्या खाटकाच्या आणि निरीक्षकाच्याही कानांवर पडत होती, हे फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही.

1995 मध्ये तपासणीचे काम स्थानिक नगरपालिकांकडून काढून एका राष्ट्रीय सेवेकडे दिले गेले. सरकारी पशुवैद्यांनी त्या वर्षी न सांगता भेटी दिल्या, तेव्हा जवळजवळ निम्म्या कत्तलखान्यांत काही ना काही कसूर सापडली. तपासणीचा शिक्का बसलेल्या धडांतही मज्जारज्जूचे तुकडे मिळाले. त्याच वर्षी बाद भागांवर निळा रंग चढवणे सक्तीचे झाले, म्हणजे ते दुसऱ्या कुठल्या पिंपात गेले तर ओळखू यावेत. डिसेंबरात कण्यापासून लगदा काढणेही बंद झाले. सहा वर्षांपूर्वीचा नियम आता कुठे अंमलात येऊ लागला होता.

20 मार्च 1996 रोजी आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांनी संसदेत सांगितले की, मेंदूच्या एका नव्या रोगाचे दहा रुग्ण आढळले आहेत आणि त्याचा गाईंच्या रोगाशी संबंध असणे हेच सर्वांत संभाव्य स्पष्टीकरण आहे. रुग्ण तरुण होते. ब्रिटनमध्ये या रोगाने पुढे एकूण 178 जण दगावले. गुरांत निदान झालेली संख्या 1,80,000 च्या वर गेली. लॉर्ड फिलिप्स यांच्या चौकशीने ऑक्टोबर 2000 मध्ये 16 खंडांचा अहवाल दिला. सरकारने जाणूनबुजून खोटे सांगितले, असे त्यात म्हटलेले नाही. धीर देण्याची मोहीम मात्र चूक ठरवली आहे.

विल्हेवाटीचा प्रश्न यानंतर खऱ्या अर्थाने सुरू झाला. या रोगाचे कारण जंतू किंवा विषाणू नव्हे, तर प्रिऑन नावाचे बिघडलेले प्रथिन होय, असे मानले जाते. उकळून ते नष्ट होत नाही. पुरावे, तर मेंढ्यांमधल्या याच जातीच्या स्क्रेपी रोगाचे द्रव्य मातीत तीन वर्षांनंतरही संसर्गक्षम आढळले आहे. म्हणून युरोपच्या कायद्याने या भागांना पहिल्या, सर्वांत धोक्याच्या वर्गात घातले. काढताक्षणी रंग लावायचा, वेगळ्या पिंपात, वेगळ्या गाडीत, सोबत कागद. आणि शेवटी जाळायचे. शिजवून भुकटी केली तर तिच्यात डोळ्यांना न दिसणारे एक खूणद्रव्य मिसळायचे, म्हणजे ती कुठल्या खाद्यात सापडली तर प्रयोगशाळेत चोरी पकडता येते. लिंकनशायरमधल्या एका वीजकेंद्रात अशी भुकटी जाळून वीजही केली जाऊ लागली.

आता तो आपला धागा. 1980 ते 1996 या काळात ब्रिटनमध्ये ठरावीक महिन्यांहून अधिक राहिलेल्या व्यक्तीचे रक्त अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात घेतले जात नसे. त्या वर्षांत आपल्याकडून शिक्षणासाठी, डॉक्टरकीसाठी ब्रिटनला जाऊन पुढे त्या देशांत स्थायिक झालेले लोक त्यात सापडले. नियम मुक्काम मोजत होता, आहार नव्हे. त्यामुळे ज्याने जन्मात मांस चाखले नाही, तोही रक्तपेढीच्या दारातून परत फिरे. ही बंदी दोन्ही देशांनी 2022 मध्ये उठवली.