चौथी सीट : ठाण्यापलीकडचा प्रवासी आणि समलिंगी पुरुषांची स्नेहमंडळे

डोंबिवलीहून गाडी पकडणाऱ्याला 'चौथी सीट' म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. बाक तिघांचा असतो. चौथ्याने कडेला टेकायचे. अर्धे अंग बाहेर, एक पाय वाटेत. 'जरा सरकून घ्या' म्हटले की बसलेला कपाळाला आठ्या घालतो, पण सरकतो. उपनगरी रेल्वेचा हा अलिखित कायदा आहे. मुंबई परिसरातील समलिंगी पुरुषांच्या स्नेहमंडळांचा इतिहास धुंडाळताना हा बाक मला वारंवार आठवत राहिला. 'सरकून घ्या' म्हणण्यासाठी आपण तिथे उभे आहोत हे आधी दिसावे लागते. आणि न दिसणे हीच ज्याची सुरक्षितता होती, त्याने जागा मागायची कशी?

मी डोंबिवलीत वाढलो आणि मी समलिंगी आहे. हे सांगायचे कारण एवढेच, की या इतिहासाचा काही भाग मी कागदांत वाचला आणि काही भाग परतीचे तिकीट काढून पाहिला.

सुरुवात १८६० सालापासून करायला हवी. त्या एका वर्षात ब्रिटिश सरकारने दोन कायदे केले. २१ व्या क्रमांकाचा संस्था नोंदणीचा; सात माणसांनी एकत्र येऊन, उद्देश लिहून, संस्था स्थापन करण्याची वाट त्याने घालून दिली. ४५ व्या क्रमांकाचा म्हणजे भारतीय दंड संहिता. १ जानेवारी १८६२ पासून ती अमलात आली आणि तिच्या ३७७ व्या कलमाने 'अनैसर्गिक' संभोगाला जन्मठेपेपर्यंतची शिक्षा ठेवली. एकाच वर्षी एका कायद्याने भेटण्याला चौकट दिली आणि दुसऱ्याने काही माणसांच्या भेटण्यावर सावली धरली.

आमच्या भागाने पहिल्या वाटेचा भरपूर लाभ घेतला. रेल्वे कल्याणला पोहोचली १८५४ मध्ये आणि दहाच वर्षांत, १८६४ साली, तिथे सार्वजनिक वाचनालय उभे राहिले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. पुढे डोंबिवलीत तर चार माणसे जमली की मंडळ निघते, अशी ख्याती झाली. भजनी मंडळ, गिर्यारोहकांचे मंडळ, ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा, ज्ञातिसंस्था, प्रवासी संघ. इथला माणूस एकटा राहूच शकत नाही अशी ही व्यवस्था. तिच्यात ज्याला आपले म्हणून काही सांगता येत नव्हते, त्याचा एकटेपणा त्यामुळेच अधिक टोचणारा होता.

कायद्याची अक्षरे पाहिली तर कलम ३७७ कृतीविरुद्ध होते. दोन समलिंगी पुरुषांनी चहा पिणे, गप्पा मारणे, मंडळ काढणे हा गुन्हा कधीच नव्हता. पण हा बारकावा काळोख्या बागेत दटावून पैसे उकळणाऱ्याला अडवू शकत नव्हता. ज्याच्याकडून पैसे घेतले, तो तक्रार कुठे करणार? घर, कचेरी, लग्नाची बोलणी, सगळे पणाला लागायचे. त्यामुळे भेटण्याची जागा म्हणजे स्थानकांची आवारे, बागा, गर्दीचा डबा. अशा ठिकाणी ओळख होई, पण ओळखीला नाव नसे आणि पुन्हा भेटीची खात्री नसे. मंडळ आणि बाग यांत फरक आहे तो हाच : मंडळाला पुढचा रविवार असतो.

मराठीत या एकटेपणाला पहिले उत्तर बहुधा टपालाने मिळाले. र. धों. कर्वे यांचे 'समाजस्वास्थ्य' १९२७ ते १९५३ या काळात निघत होते. त्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली जात आणि समलिंगी संबंधांबद्दलचे प्रश्नही त्यांत असत. १९३४ मध्ये अशाच प्रश्नोत्तरांवरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर माणसे प्रश्न विचारतात, तेव्हा त्यांना ज्ञान मिळायला हवे, ही त्यांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. या प्रसंगाचा उल्लेख सहसा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या इतिहासात होतो. मला त्यातला पत्र लिहिणारा माणूस दिसतो. नाव न सांगता त्याने विचारले, आणि कोणीतरी छापील उत्तर दिले. ते उत्तर दुसऱ्या गावी बसलेल्या तिसऱ्याने वाचले. एकमेकांना कधीही न भेटणाऱ्यांची ती मूक सभाच होती.

या माणसांना चेहरा मिळायला आणखी पन्नास वर्षे गेली. पत्रकार अशोक राव कवी यांनी १९८६ साली 'सॅव्ही' मासिकातील मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचे नावानिशी सांगितले. १९९० मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केले. ज्यांच्यापर्यंत ते पोहोचले, त्यांना नावापासूनच दिलासा होता : रोगी नव्हे, गुन्हेगार नव्हे, दोस्त. १९९४ मध्ये कवी, सुहेल अब्बासी आणि श्रीधर रंगायन यांनी 'हमसफर ट्रस्ट' स्थापन केला. पुढे या संस्थेला सांताक्रूझ पूर्वेला वाकोल्यात मुंबई महापालिकेच्या इमारतीत जागा मिळाली. माझ्या दृष्टीने या इतिहासातली ही फार मोठी घटना आहे. कलम ३७७ जिवंत होते आणि पालिकेच्याच छपराखाली समलिंगी पुरुष खुर्च्या मांडून बसत होते.

हे शक्य झाले ते आरोग्यामुळे. १९८६ मध्ये भारतात एचआयव्हीची लागण प्रथम आढळली. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना आली. ज्या माणसांकडे राज्यव्यवस्था गुन्हेगार म्हणून पाहत होती, त्यांच्यापर्यंत रोगप्रतिबंधासाठी पोहोचणे तिला भाग पडले. यातून निधी आला, तपासणी केंद्रे आली, समुपदेशक आले. पण आरोग्याच्या भाषेला मर्यादा असते. किती निरोध वाटले याचा रकाना अहवालात असतो. किती जण पहिल्यांदा मोकळेपणाने हसले याचा नसतो. केवळ गप्पा मारण्यासाठी जमण्याला निधी कोणी देत नाही. तो भाग माणसांनी स्वतःच्या खिशातून आणि स्वतःच्या रविवारातून उभा केला.

ठाण्याशी याचा धागा जुळतो तो एका बागेत. लक्ष्मीनारायण त्रिपाठी ठाण्याच्या. आज त्यांची ओळख तृतीयपंथीयांच्या नेत्या म्हणून आहे आणि ती समलिंगी पुरुषाच्या ओळखीहून वेगळी आहे. पण शाळकरी वयात हे वेगळेपण सांगणारे कोणी जवळ नव्हते. 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' या आत्मकथनात त्यांनी माटुंग्याच्या महेश्वरी उद्यानात अशोक राव कवींना भेटल्याचे सांगितले आहे. तू विकृत नाहीस, शिक, असा धीर त्यांना तिथे मिळाला. ठाण्यात शाळा होती, नृत्य होते, घरची माया होती. हे एक वाक्य ऐकायला मात्र माटुंग्याला जावे लागले.

हे अंतर योगायोगाचे नव्हते. ठाणे मुंबईपासून ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८ च्या आसपास, कल्याण ५४. मुंबईतल्या जागेचा भाव परवडेना म्हणून मराठी मध्यमवर्ग याच क्रमाने मागे सरकत गेला. दोन खोल्यांत पाच माणसे, दार उघडे, जिन्यात भेटणारा प्रत्येक जण वडिलांच्या ओळखीचा. इथे परक्याला घरी आणायचे तर त्याचे आडनाव आणि नोकरीही सांगावी लागे. म्हणून ज्या रेल्वेने आम्हाला दूर नेऊन टाकले, तिनेच अनोळखी राहण्याची सोयही दिली. दादर ओलांडले की आपण कोणाचे चिरंजीव नसतो.

१९९८ मध्ये 'गे बॉम्बे' हा गट सुरू झाला. त्याच्या रविवारच्या भेटींत ठरलेल्या विषयावर चर्चा होई. चित्रपट, सहली, पालकांसाठी वेगळ्या बैठका असत. शनिवारच्या रात्री कुलाब्याचा 'वूडू' पब आधीपासूनच प्रसिद्ध होता. पण पबची रात्र रंगात येते ती मध्यरात्रीच्या सुमारास, आणि आमची शेवटची लोकलही तेव्हाच सुटते. राहिलो तर पहाटेपर्यंत फलाटावर, निघालो तर नाच अर्धवट. प्रवेशाचे पैसे आणि इंग्रजी हे अडसर वेगळेच. त्यामुळे उपनगरातल्या मुलाला पबपेक्षा रविवार दुपारची बैठक जवळची वाटे. मी घरी 'दादरला पुस्तके बघायला जातो' असे सांगून निघत असे. पहिल्या बैठकीत तीन तास मी एक शब्दही बोललो नाही. परतताना ठाण्यापर्यंत उभा होतो आणि तरीही वर्षांनंतर कुठेतरी बसायला मिळाल्यासारखे वाटत होते.

त्या सुमाराची दोन दृश्ये मी शेजारी शेजारी ठेवून पाहतो. १९९९ च्या गुढीपाडव्याला डोंबिवलीत श्री गणेश मंदिर संस्थानच्या पुढाकाराने पहिली नववर्ष स्वागतयात्रा निघाली. गावातल्या संस्था रस्त्यावर आल्या आणि ही प्रथा पुढे महाराष्ट्रभर गेली. त्याच वर्षी २ जुलैला कोलकात्यात पंधरा माणसे मैत्रीयात्रा म्हणून चालली. भारतातला तो पहिला अभिमान मोर्चा मानला जातो. मुंबईत तसा मोर्चा यायला १६ ऑगस्ट २००८ उजाडले; तो ऑगस्ट क्रांती मैदानातून गिरगाव चौपाटीपर्यंत गेला. मिरवणुकीची हौस आम्हाला कोणी शिकवायला नको होती. आपल्या फलकावर काय लिहायचे, एवढेच ठरत नव्हते.

कारण शब्द नव्हता. मराठीत होत्या त्या शिव्या किंवा वैद्यकीय संज्ञा. इथे पुण्याच्या बिंदुमाधव खिरे यांचे काम मोलाचे आहे. २००२ मध्ये त्यांनी 'समपथिक ट्रस्ट' स्थापन केला आणि या विषयावर मराठीत सातत्याने लिहिले. 'हमसफर' काय किंवा 'समपथिक' काय, दोन्ही नावांचा अर्थ सहप्रवासी. संस्थापकांच्या मनात लोकलचा डबा असेलच असे नाही, पण आमच्यासारख्यांना तो दिसल्यावाचून राहत नाही.

अशी मंडळे चालतात कशी, हे त्यांच्या अलिखित नियमांवरून कळते. आडनाव विचारायचे नाही. परवानगीवाचून छायाचित्र नाही. कोणी रस्त्यात घरच्यांसोबत दिसला, तर त्याने ओळख दाखवल्याशिवाय आपण दाखवायची नाही. नव्या माणसाला आधी स्टेशनबाहेर एकाने भेटायचे, चहा प्यायचा, मग आणायचे. विवाहित आला तर त्याला आरोपीसारखे उभे करायचे नाही. पण त्याच्या बायकोचाही या गोष्टीत वाटा आहे, हे त्याला विसरू द्यायचे नाही. हा शेवटचा नियम पाळायला सगळ्यांत अवघड. त्यावरून गटांत भांडणे होतात, माणसे सोडून जातात. जातीचे, पैशाचे आणि भाषेचे भेद दाराबाहेर राहतात असेही नाही. बायकी वागणाऱ्याला हसणारे आमच्यातही आहेत. स्नेहमंडळ म्हणजे समाजापासून सुटका नव्हे. समाजच लहान आकारात पुन्हा मांडून बघण्याची ती संधी आहे.

या काळात कायदा वर-खाली होत राहिला. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे खासगी संबंध गुन्ह्यातून वगळले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुन्हा आणि अखेरचे वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी विवाहाचा हक्क मात्र नाकारला गेला. २०१३ च्या त्या बुधवारी जी माणसे सकाळी नागरिक होती, ती दुपारपर्यंत पुन्हा गुन्हेगार झाली. कायद्याने काढून घेतलेली जागा त्यानंतरच्या पाच वर्षांत रविवारच्या बैठकींनीच राखून ठेवली.

आता मोबाइलवर माणूस पाच मिनिटांत सापडतो. मग मंडळ कशाला, असे तरुण मुले विचारतात. अॅपवर भेटायला बोलावून लुबाडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, हे एक उत्तर. दुसरे उत्तर वयाचे. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेत १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीत सुमारे साडेबारा लाख माणसे होती. यांतले जे समलिंगी पुरुष साठीला आले, ज्यांचे लग्न झाले नाही आणि आई-वडील गेले, त्यांना अॅपवर कोणी शोधत नाही. रुग्णालयाच्या अर्जावर 'जवळचे नातेवाईक' या ओळीपुढे कोणाचे नाव लिहायचे, हा त्यांचा प्रश्न आहे. त्याला उत्तर देणारे मंडळ दादरला असून चालत नाही. ते रिक्षाच्या अंतरावर लागते.

म्हणून आम्ही काही जण गेली काही वर्षे इकडेच जमतो. आमच्या गटाला नाव नाही. सुरुवातीला एका सभागृहाच्या अर्जावर 'कार्यक्रमाचे स्वरूप' या रकान्यात आम्ही 'साहित्यचर्चा' लिहिले. मग खोटे नको म्हणून खरोखरच दर वेळी एक पुस्तक वाचू लागलो आणि ती सवय टिकली. २०१८ च्या निकालानंतरच्या हिवाळ्यात मी त्या रकान्यात पहिल्यांदा 'समलिंगी पुरुषांचा स्नेहमेळावा' असे लिहिले. खिडकीतल्या गृहस्थांनी अर्ज वाचला, चष्मा वर केला, पुन्हा वाचला. मी उत्तरांची तयारी करून गेलो होतो.

त्यांनी विचारले, ''खुर्च्या किती लावायच्या?''

मी पंधरा सांगितल्या. आले एकवीस. मग नेहमीचेच, सगळे थोडे थोडे सरकले.