उद्यमनगरातील चिमट्याची कुळकथा

जुन्या मोटारसायकलीचा पुढचा चिमटा उलगडून त्यातील पोलादी नळी हाती घेतल्यावर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील वयोवृद्ध टर्नर तिच्यावरील गंजाचा तिळाएवढा खळगा ज्या गांभीर्याने न्याहाळतो, ते पाहिले म्हणजे हे कसब मोटारसायकलीच्या पोटी जन्मलेच नाही, या गोष्टीचे नवल वाटू लागते.

त्याचा उगम संस्थानी अमदानीत शोधावा लागतो. १८९१ मध्ये मिरजेहून आगगाडी करवीरास आली. छत्रपती शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, १९०६ साली, सूतगिरणीचा पाया घातला गेला. आणि मेस्त्री घराण्यातील बाबूराव पेंटरांनी घरच्या हत्यारांवर स्वतःचा कॅमेरा घडवून १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. परदेशी यंत्र दारी आले की ते खोलून पाहावे, ही खोड या गावाला तेव्हापासूनच जडली असावी. पुढे उसाला पाणी पाजण्यासाठी शेतकऱ्यास ऑइल इंजिन हवे झाले आणि भट्ट्या व लेथ यांची मांदियाळी उभी राहिली. लायनरमध्ये पिस्टन किती ‘थाव’ (इंचाचा हजारावा भाग) सैल बसवावा, हे ज्याच्या बोटांना कळले, त्याला चिमट्याची नळी परकी राहिली नाही.

चिमटाही मुळात असा नव्हता. पूर्वीच्या गाड्यांना दांड्या-सांध्यांचा चौकटी चिमटा असे आणि त्याची उसळी घर्षणाच्या चकत्यांनी आवरली जाई. १९३५ मध्ये जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने आर १२ व आर १७ या गाड्यांवर तेलाने उसळी शमविणारा दुर्बिणीच्या घडणीचा चिमटा आणला, आणि १९४१ पासून इंग्रजी फौजेच्या मॅचलेस जी ३ एलवरही तशीच रचना दिसू लागली. नळीच्या बारीक छिद्रांतून तेल ढकलले जाते. स्प्रिंग उसळू पाहते, तेल तिला थोपवते. स्वातंत्र्योत्तर काळात मद्रासची बुलेट आणि १९६१ पासून म्हैसूरची जावा हीच घडण घेऊन आपल्या मुलखात रुळल्या.

दुरुस्तीत मात्र पुष्कळांची एकच चूक होते. तेल गळते, म्हणून सील बदलतात. महिन्याभरात ते पुन्हा गळते, कारण सीलचा नाजूक ओठ कापणारा तो गंजाचा खळगा जागच्या जागी असतो. जाणता कारागीर प्रथम नळी काचेवर लोळवून ती वाकली आहे काय ते पाहतो, जुना मुलामा उतरवून हार्ड क्रोम चढवितो आणि ग्राइंडिंगने मूळ मापावर आणतो. झिजलेले बुश लेथवर नव्याने कातले जातात. चिमट्याच्या दोन्ही पायांत तेल सारखे हवे, नाहीतर त्यांची उसळी जुळत नाही. आणि आसाचा आवळ-बोल्ट शेवटी कसावयाचा, तोही हॅन्डल चार-सहा वेळा दाबून पाय आपोआप समांतर झाल्यावर. तो आधीच कसला तर नवी नळीही बुशात अडखळते आणि दोष बिचाऱ्या टर्नरच्या पदरी जातो.

म्हणून काम सोपविताना म्हातारा टर्नर गिऱ्हाइकाला गाडी तशीच उभी ठेवून हॅन्डल दाबायला लावतो, खाली वाकून नळीवर उमटलेली तेलाची पुसट रेघ बोटाने पुसतो, आणि पुन्हा दाबायला सांगतो.