पदरी पडलेली मोटार

बैलबाजारात गेलेला जाणता शेतकरी जनावराच्या रंगावर किंवा शिंगांना बांधलेल्या गोंड्यांवर भुलत नाही. तो बैलाचे तोंड उघडून दात पाहतो, वशिंडावरून हात फिरवतो, चार पावले चालवून खुरांचा अंदाज घेतो आणि मगच रुमालाखाली बोटे धरून किंमत ठरवितो. जनावराचे वय आणि त्याचे दुखणे पाहणाऱ्याच्या डोळ्यांना व हातांना कळू शकते, हा त्या सगळ्या व्यवहाराचा पाया होय. मोटारीलाही दाते असतात. पण ते एका बंद पेटीत तेलात बुडालेले असतात. दुसऱ्या हाताने मोटार घेणाऱ्या गृहस्थाला ती पेटी उघडून पाहता येत नाही. तिच्या आत काय चालले आहे हे विकणाऱ्याला थोडेबहुत ठाऊक असते, घेणाऱ्याला मुळीच नसते. अवेळी निकामी होणाऱ्या गिअरबॉक्सचा इतिहास हा म्हणूनच केवळ यंत्राचा इतिहास नाही. दोन माणसांमधील विश्वासाचाही तो इतिहास आहे.

गिअरबॉक्सची गरज इंजिनाच्या स्वभावातून निर्माण झाली. पेट्रोलचे इंजिन विशिष्ट वेगाने फिरत असेल तरच पुरेसा जोर देते. पण मोटारीला कधी चढावर रांगावे लागते, तर कधी सपाटीवर धावावे लागते. ह्या दोहोंचा मेळ घालण्यासाठी लहानमोठ्या दंतचक्रांची योजना करावी लागते. फ्रान्समध्ये १८९१ च्या सुमारास एमिल लेव्हासोर ह्या यंत्रकाराने पानार-लेव्हासोर मोटारीत पुढे इंजिन, त्यामागे क्लच आणि त्यामागे सरकत्या दंतचक्रांची पेटी अशी रचना केली. फिरते चक्र दुसऱ्या फिरत्या चक्रावर नेऊन आदळायचे, अशी ती पद्धत होती. रीत रांगडी आहे, पण काम होते, अशा आशयाचे उद्गार लेव्हासोरच्या नावावर सांगतात. पुढे १९२८ साली कॅडिलॅक मोटारीत अर्ल टॉम्प्सन ह्या अभियंत्याची सिंक्रोमेश योजना आली. चक्रे एकमेकांत गुंतण्यापूर्वी त्यांचे वेग सारखे होऊ लागले आणि दात्यांचा खडखडाट थांबला.

त्या जुन्या पेटीत एक गुण मात्र होता. तिचे दुखणे ती लपवून ठेवीत नसे. दाते झिजले की ती घरघरे. सिंक्रोमेशची कडी झिजली की गिअर टाकताना दांडी हाताला अडे. क्लच गेला की इंजिन गरजे आणि गाडी मात्र जागची हलेना. चालविणाऱ्याचा हात आणि कान हेच तिचे वैद्य होते. थोडा अनुभव असलेला गिऱ्हाईक गाडी एकदा चढावर नेऊन आणला की बरेच काही समजून घेई.

ही स्थिती बदलली ती माणसाला गिअर बदलण्याच्या कष्टांतून सोडविण्याच्या प्रयत्नामुळे. हेर्मान फोटिंगर ह्या जर्मन अभियंत्याने जहाजांसाठी १९०५ साली एका नव्या कल्पनेचे एकस्व घेतले होते. दोन पात्यांची चाके समोरासमोर ठेवून मधल्या तेलाच्या प्रवाहाने शक्ती वाहून न्यायची, ही ती कल्पना. तिच्याच आधारावर जनरल मोटर्सने १९३९ साली हायड्रामॅटिक ही आपोआप गिअर बदलणारी पेटी जाहीर केली आणि १९४० च्या ओल्ड्समोबील मोटारीत ती बसविली. महायुद्धानंतर अमेरिकेतील कौटुंबिक मोटारींत अशा पेट्यांचा झपाट्याने प्रसार झाला. डाव्या पायाला विश्रांती मिळाली. पण त्याबरोबर कानाचे आणि हाताचे ज्ञानही गेले, हे फारसे कोणाच्या लक्षात आले नाही.

ह्या स्वयंचलित पेटीत तेल हे केवळ वंगण नसते. तेच शक्ती वाहून नेते, तेच दाब देऊन क्लचच्या चकत्या एकमेकींवर आवळते, तेच दात्यांना वंगण पुरविते आणि तेच सगळ्यांची उष्णता बाहेर काढते. म्हणूनच तेल बिघडले की चारही कामे एकदम बिघडतात. उष्णतेने तेल जळते आणि काळपट होते. रबरी बंधने कडक होऊन दाब गळू लागतो. दाब कमी झाला की चकत्या घसरतात. घसरल्या की आणखी उष्णता उत्पन्न होते. उष्णतेने घसरण आणि घसरणीने उष्णता, असे हे चक्र एकदा सुरू झाले की पेटीचा शेवट दूर नसतो. तो येण्यापूर्वीची लक्षणे मात्र अगदी सौम्य असतात. गिअर पडताना क्षणभराचा विलंब, एखादा बारीकसा झटका, तेलाला येणारा करपट वास, एवढीच ती लक्षणे. गाडीचा रोजचा मालक ती ओळखतो. एका सकाळी गाडी पाहावयास आलेल्याला ती जाणवत नाहीत.

कुटुंबाची मोटार ह्या दुखण्याला विशेष बळी पडते. सहलीला सारे घर, सामान आणि कधी मागे जोडलेली गाडी घेऊन तीच घाट चढते. एरवी शाळा, बाजार आणि कचेरी अशा थांबत थांबत होणाऱ्या फेऱ्या तिच्याच वाट्याला येतात. तेल बदलण्याचा खर्च पुढे ढकलावा असे पहिल्या मालकाला वाटते, कारण गाडी तर धावतेच आहे. ह्या ढकललेल्या खर्चाचे बिल अखेर दुसऱ्या मालकाच्या हाती पडते.

दोष नेहमी मालकाचाच असतो असेही नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकन कारखानदारांवर गाड्या हलक्या करण्याचे दडपण आले. त्या काळात जनरल मोटर्सने १९७६ च्या मोटारींपासून टर्बो हायड्रामॅटिक २०० ही हलकी पेटी वापरात आणली. तिच्याविषयी तक्रारी वाढत गेल्या. १९८० साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर कारवाई सुरू केली. ह्या पेटीतील आणि इंजिनाच्या काही भागांतील दोष कंपनीने ग्राहकांना सांगितले नाहीत, असा कमिशनचा आरोप होता. १९८३ साली तडजोड झाली. सर्वांना सरसकट भरपाई देण्याऐवजी प्रत्येक तक्रारदाराने लवादापुढे आपले गाऱ्हाणे मांडावे, असे ठरले. ह्या तोडग्यावर टीकाही झाली. कारण ज्याला आपल्या पेटीत काय बिघडले हे कळत नव्हते, त्यालाच आता आपली बाजू मांडावयाची होती.

ह्याच सुमारास अर्थशास्त्राचेही लक्ष जुन्या मोटारींकडे वळले होते. जॉर्ज अकरलॉफ ह्या तरुण अर्थशास्त्रज्ञाचा एक लेख तीन नियतकालिकांनी परत पाठविल्यानंतर अखेर १९७० साली प्रसिद्ध झाला. अमेरिकन बोलीत फसव्या मोटारीला लिंबू म्हणतात. त्या लिंबांच्या बाजाराविषयी तो लेख होता. त्यातील युक्तिवाद साधा होता. घेणाऱ्याला चांगली गाडी कोणती आणि वाईट कोणती हे ओळखता येत नसेल, तर तो दोहोंना मधली किंमत देऊ करतो. ती किंमत चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, म्हणून तो आपली गाडी बाजारात आणीत नाही. उरतात त्या वाईट गाड्या. आणि हे ओळखून गिऱ्हाईक किंमत आणखी पाडतो. बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत, ही म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परंतु गहू बाजारातून निघून का जातात ह्याची मीमांसा अकरलॉफने केली. २००१ साली मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ ह्यांच्यासह त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

ज्ञानाची ही विषमता कायद्याने दूर करता येईल काय, हा प्रश्न मग अमेरिकन काँग्रेसपुढे आला. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने फेडरल ट्रेड कमिशनला जुन्या मोटारींच्या विक्रीसंबंधी नियम करण्यास सांगितले. कमिशनने १९८१ साली नियम केला, आणि त्यातील मुख्य कलम असे होते की व्यापाऱ्याला ठाऊक असलेले गाडीचे मोठे दोष त्याने गाडीच्या काचेवर लावलेल्या कागदावर लिहून जाहीर करावेत. नवा शोध लावण्याची सक्ती त्याच्यावर नव्हती. जे ठाऊक आहे ते लपवू नये, एवढीच अपेक्षा होती. व्यापाऱ्यांच्या संघटनेने ह्या कलमाला कडवा विरोध केला. १९८२ च्या मे महिन्यात काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी मोठ्या बहुमताने तो नियम रद्द ठरविला. ग्राहकांच्या संस्था न्यायालयात गेल्या आणि १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने काँग्रेसची अशा प्रकारची नकाराधिकाराची पद्धतच घटनाबाह्य ठरविली. ग्राहकाचा जय झाला असे वाटले. पण तो क्षणिक ठरला. कमिशनने नियमाचा फेरविचार केला आणि १९८४ साली तो पुन्हा काढला, तेव्हा ठाऊक असलेला दोष सांगण्याचे कलम त्यातून गळालेले होते.

१९८५ पासून तो कागद अमेरिकेतील व्यापाऱ्यांकडच्या जुन्या मोटारींच्या काचांवर दिसू लागला. गाडीला हमी आहे, की ती आहे त्या स्थितीत विकली जात आहे, हे त्याच्या दर्शनी बाजूवर लिहिलेले असते. पाठीमागे जुन्या गाडीत संभवणाऱ्या मोठ्या दोषांची यादी असते. तीत तेलाची गळती, गिअरबॉक्सचा अनैसर्गिक आवाज, गिअर नीट न पडणे ह्यांचाही उल्लेख आहे. म्हणजे कोणते दुखणे असू शकते हे कागद सांगतो. ह्या गाडीला ते आहे काय, हे सांगत नाही. पदरी पडले आणि पवित्र झाले, ह्या आपल्या म्हणीला जणू छापील कायद्याचे रूप आले. काही राज्यांनी मात्र पुढचे पाऊल टाकले. कनेक्टिकटने १९८२ साली सदोष नव्या मोटारींसाठी कायदा केला होता. न्यूयॉर्कने १९८४ साली जुन्या मोटारीही कायद्याखाली आणल्या आणि ठरावीक मैलांच्या आतील गाडी विकणाऱ्या व्यापाऱ्यावर गिअरबॉक्ससकट मुख्य भागांची अल्प मुदतीची हमी देण्याचे बंधन घातले.

यंत्र इतक्यात आणखी अवघड झाले होते. क्रायस्लर कंपनीने १९८९ च्या मोटारींत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची चार गतींची अल्ट्राड्राइव्ह पेटी आणली. कुटुंबवत्सल गिऱ्हाइकांच्या आवडत्या मिनिव्हॅनमध्येही ती बसविलेली होती. ह्या पेटीला विशिष्ट जातीचेच तेल मानवत असे. पण ते न मिळाल्यास बाजारातील नेहमीचे तेल चालेल, अशी मुभा कंपनीच्याच सूचनांत होती. सद्भावनेने नेहमीचे तेल ओतलेल्या अनेक गाड्यांच्या पेट्या थरथरू लागल्या आणि काही अवेळी निकामी झाल्या. नव्या मालकाला मागच्या कारागिराने कोणते तेल ओतले होते, हे कळण्याचा मार्ग नव्हता.

२००४ च्या एप्रिल महिन्यात होंडा कंपनीने अमेरिकेत सुमारे ११ लक्ष वाहने तपासणीसाठी परत बोलाविली. तीत ओडिसी ही कौटुंबिक गाडीही होती. पेटीतील दुसऱ्या गतीच्या दंतचक्रांत अतिरिक्त उष्णता साठून दाते तुटण्याचा आणि पेटी अचानक जखडण्याचा संभव होता. कमी चाललेल्या गाड्यांत तेलाचा फवारा त्या चक्रांवर पडेल अशी सोय करण्यात आली; जास्त चाललेल्या गाड्यांची आधी तपासणी झाली. ह्या घटनेत एक महत्त्वाचा भेद दिसून येतो. दोषामुळे जिवाला धोका असेल तर कंपनीला गाडी परत बोलवावी लागते, आणि ती सूचना मालकाच्या नव्हे, तर गाडीच्या मागे जाते. गाडी दुसऱ्याची असो वा तिसऱ्याची. पण दोषामुळे केवळ पैशाचे नुकसान होत असेल, तर हमीची मुदत संपताच मालक एकटा पडतो. कायद्याने प्राणाची काळजी वाहिली. संसाराच्या शिलकीची जबाबदारी मात्र बव्हंशी ज्याची त्याच्यावरच राहिली.

भारतात हा प्रश्न उशिरा आला, कारण येथील कौटुंबिक मोटारी दीर्घकाळ हाताच्या गिअरवरच चालल्या. मुंबईत कुर्ल्याला तयार झालेल्या प्रीमिअर पद्मिनीचा गिअर तर सुकाणूच्या दांड्याला जोडलेला असे. २०१४ साली आलेल्या मारुती सेलेरिओमुळे आपोआप गिअर बदलण्याची सोय सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आली, आणि तशा गाड्या आज दुसऱ्या व तिसऱ्या मालकाच्या दारात उभ्या आहेत. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली. सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीबद्दल उत्पादक व विक्रेता ह्यांना जबाबदार धरणारे प्रकरण त्यात आहे. सदोष वाहने सक्तीने परत बोलाविण्याची तरतूदही मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने झाली आणि तिचे नियम २०२१ पासून लागू झाले. तरीही एका गृहस्थाने दुसऱ्याला गाडी विकताना पेटीतील करपलेल्या तेलाविषयी मौन पाळले, तर ते मौन उघडे पाडणे कोणत्याही कायद्याला सोपे नाही.

लेव्हासोरच्या खडखडणाऱ्या पेटीपासून आजच्या निःशब्द पेटीपर्यंतच्या प्रवासात चालविणाऱ्याचे कष्ट खरोखरच कमी झाले, आणि ते लाभ नाकारण्याचे कारण नाही. पण यंत्र जसजसे मुके होत गेले, तसतसे माणसाने बोलके होणे अधिक आवश्यक ठरले. १९८१ च्या त्या गळालेल्या कलमात ह्यापेक्षा वेगळे काही मागितलेले नव्हते. बैलबाजारातील विक्रेता जनावराचे तोंड उघडू देतो, कारण घेणारा ते पाहिल्याशिवाय पुढे जाणार नाही हे त्याला ठाऊक असते. मोटारीच्या बाबतीत तोंड उघडावयाचे असते ते विकणाऱ्याने स्वतःचे; आणि गाडीला केव्हा, कोणते तेल घातले ह्याची एक साधी वही त्याने गाडीबरोबर पुढच्याच्या हाती दिली, तर अर्धे दात मोजल्यासारखेच होतात.